रताळ्यावरील सोंड्या भुंगा व त्याचा बंदोबस्त

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी परसातील रताळ्याचे वरंबे खणावेत, वरून चांगली दिसणारी रताळी टोपलीत भरून घरात आणावीत, आणि विळीवर चिरताच आत काळ्या, वेड्यावाकड्या वाटा व उग्र वास आढळावा, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. असे एखादे रताळे नकळत किसले गेले, तर पातेलेभर कीस कडू होतो. चार महिने वेलाला पाणी घातले, खुरपणी केली, आणि ऐन उपवासाच्या दिवशी निम्मी टोपली फेकून देण्याची वेळ आली, म्हणजे पुढील वर्षी रताळी लावण्याचा उत्साह राहत नाही.

ही हानी करणाऱ्या किडीस सोंड्या भुंगा म्हणतात. रताळ्याची लागवड होते अशा जगातील बहुतेक सर्व उष्ण प्रदेशांत या पिकाचा हा प्रमुख शत्रू मानला जातो. तो एकदा कंदात शिरला म्हणजे त्याच्यावर कोणताही इलाज चालत नाही. परंतु त्याच्या ठिकाणी एक मोठा उणेपणा आहे. या भुंग्याला माती उकरून खाली जाता येत नाही. जमिनीला भेग असेल, किंवा कंदाचे डोके उघडे पडले असेल, तरच तो कंदापर्यंत पोचतो. ही एक गोष्ट नीट ध्यानी घेतली, तर औषधावर पैसा खर्च न करताही घरच्या रताळ्यांचे बऱ्याच अंशी रक्षण करता येते.

पिकाचे महत्त्व

रताळे मूळचे अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या काळात ते भारतात आले आणि येथे इतके रुळले, की आषाढी एकादशी, नवरात्र व महाशिवरात्र या दिवशी त्यावाचून फराळ पुरा होत नाही. या सणांच्या सुमारास पुण्याच्या बाजारात करमाळा, बेळगाव अशा भागांतून रताळ्यांची आवक होते. याखेरीज अनेक शेतकरी विहिरीजवळ, पाटाच्या कडेला किंवा परसात अर्धा-एक गुंठा रताळी केवळ घरच्यासाठी लावतात. हलकी जमीन, थोडे खत व बेताचे पाणी एवढ्यावर हे पीक येते, आणि सुमारे साडेतीन ते चार महिन्यांत पोटभर अन्न देते.

मोठ्या शेतातील मालापेक्षा घरच्या या लहानशा तुकड्यातच भुंग्याचा उपद्रव पुष्कळदा अधिक आढळतो. याची कारणे तीन आहेत. एकाच जागी वर्षानुवर्षे रताळी लावली जातात. बेणे जुन्याच वेलाचे घेतले जाते. आणि तयार झालेली रताळी एकदम न काढता, लागतील तशी चार-चार खणून घेतली जातात. या तिन्ही गोष्टी भुंग्याच्या सोयीच्या आहेत.

किडीची ओळख

या भुंग्याचे शास्त्रीय नाव सायलस फॉर्मिकॅरियस असे आहे. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ मुंगीसारखा असा होतो, आणि ते नाव यथार्थ आहे. पूर्ण वाढलेला भुंगा ६ ते ८ मिलिमीटर लांब, सडपातळ व चकचकीत असतो. त्याचे डोके व पाठीवरचे कठीण पंख निळसर काळे, तर मधला भाग व पाय तांबूस नारिंगी असतात. वेलावर चालताना तो लांबून मोठ्या मुंगीसारखाच दिसतो, त्यामुळे अनेक शेतकरी त्याकडे दुर्लक्ष करतात. जवळून पाहिल्यास डोक्यापुढे आलेली सोंड स्पष्ट दिसते. मुंगीला अशी सोंड नसते. शिवाय वेल हालवताच हा भुंगा पाय आखडून खाली पडतो व मेल्याचे सोंग घेऊन निश्चल राहतो. मुंगी सहसा असे करीत नाही.

दिवसा हे भुंगे पानांखाली, वेलाच्या बुडाशी किंवा जमिनीच्या भेगांत दडून बसतात व रात्री बाहेर पडतात. म्हणून कीड आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर रात्री दिवा किंवा विजेरी घेऊन वेलाच्या बुडाशी पाहणी करावी. दिवसा केलेल्या पाहणीत भुंगा सापडला नाही, म्हणून तो शेतात नाही असे समजू नये.

जीवनक्रम

मादी वेलाच्या जाड बुडख्यात किंवा कंदाच्या सालीत सोंडेने बारीक खळगा करते, त्यात एकच अंडे घालते आणि आपल्या विष्ठेच्या काळसर बुचाने तो खळगा बंद करते. अशा रीतीने ती आपल्या आयुष्यात सुमारे ५० ते २५० अंडी घालते. उबदार हवेत साधारणतः एका आठवड्याच्या आत अंड्यातून पांढरी, बिनपायाची, किंचित वाकलेली अळी बाहेर पडते व आतला गर पोखरू लागते. दोन ते चार आठवडे खाऊन झाल्यावर ती तेथेच कोषात जाते, आणि आणखी आठवडाभराने कोषातून भुंगा निघतो. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा हा सारा क्रम उबदार दिवसांत सुमारे पाच आठवड्यांत पुरा होतो. थंडीत त्यास अधिक काळ लागतो. पूर्ण वाढलेला भुंगा त्यानंतर कित्येक महिने जगू शकतो.

यातील दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की अळी व कोष या दोन्ही अवस्था वेलाच्या किंवा कंदाच्या आतच जातात. तेथे फवारा पोचत नाही व पक्ष्यांची चोचही पोचत नाही. दुसरी अशी, की पिढी पाच आठवड्यांची असल्यामुळे तयार झालेले पीक जमिनीत महिना-सव्वा महिना अधिक ठेवणे म्हणजे भुंग्याला आणखी एक संपूर्ण पिढी वाढविण्यास सवड देणे होय. काढणीच्या वेळी दहा-वीस भुंगे असलेल्या वाफ्यात सव्वा महिन्यानंतर शेकडो भुंगे होण्यास काहीच अडचण नसते.

नुकसानीचा प्रकार

वेलाचे बुड पोखरले गेल्यास ते जाड होते, त्यास चिरा पडतात व वेल पिवळा पडून मलूल होतो. परंतु खरे नुकसान कंदांचे असते. अळी आत जाईल तिकडे वाट कोरते व ती वाट काळसर विष्ठेने भरते. एवढ्यावरच हे थांबत नाही. किडीचा दंश होताच रताळे स्वतःच्या रक्षणार्थ काही कडू द्रव्ये तयार करते. त्यांचा कडूपणा व वास पोखरलेल्या भागापुरता राहत नाही, तर आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतो, आणि शिजवल्यानेही तो जात नाही. म्हणून थोडासा किडलेला भाग कापून उरलेले रताळे वापरण्याने बहुधा पदरी निराशाच येते.

इतर कारणांनी झालेली इजा व भुंग्याची इजा यांत फरक करता आला पाहिजे. सालीवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके व आत नागमोडी काळी वाट असेल, तर ते काम सोंड्या भुंग्याचे समजावे. कंदाच्या पृष्ठभागावर रुंद व उथळ खड्डे असतील, तर ते बहुधा हुमणीचे असतात. अर्धा कंद कुरतडलेला व त्यावर दातांच्या खुणा असतील, तर तो उंदराचा उपद्रव होय.

भुंगा कंदापर्यंत कसा पोचतो

रताळी जमिनीत पोसू लागली म्हणजे ती फुगून वरची माती ढकलतात व वरंब्याला तडे जातात. काळ्या जमिनीत पाण्याच्या दोन पाळ्यांतील अंतर वाढले, की मोठ्या भेगा पडतात. पावसाने किंवा पाटाच्या पाण्याने वरंब्याची माती वाहून गेली, की कंदांची डोकी उघडी पडतात. हे तीन दरवाजे होत. वेलाच्या बुडाशी राहणारा भुंगा या वाटांनी खाली उतरतो. ज्या जातींचे कंद खोल धरतात व ज्यांचा देठ लांब असतो त्यांना कमी उपद्रव होतो, आणि बुडालगत व उथळ कंद धरणाऱ्या जातींना अधिक होतो, याचेही कारण हेच. कोरड्या दिवसांतील पिकात कीड बळावते, तर भरपूर पाऊस पडून जमीन मिटलेली राहते तेव्हा ती कमी दिसते.

शेतात कीड येण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बेणे. जुन्या वेलाच्या बुडख्यात अंडी व अळ्या असतात. असे बेणे लावणे म्हणजे शत्रूला स्वतःच्या हातांनी घरात आणून सोडणे होय. तिसरा मार्ग म्हणजे मागील पिकाचे राहिलेले कंद, आपोआप उगवलेले वेल आणि रताळ्याच्याच कुळातील रानवेली. कोकणच्या किनाऱ्यावरील मर्यादवेल ही अशांपैकीच एक आहे.

उपाययोजना

केरळात तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम् येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने या किडीसंबंधी पुष्कळ काम केले आहे. निरोगी बेणे, मातीची भर, सापळे व वेळेवर काढणी हे सर्व उपाय एकत्र योजावेत, असे त्या कामाचे सार आहे. यांपैकी एकच उपाय करून बाकीचे सोडल्यास फळ मिळत नाही.

१. बेणे. बेणे नेहमी वेलाच्या शेंड्याकडील घ्यावे. २० ते ३० सेंटिमीटर लांबीचे, तीन-चार डोळे असलेले तुकडे पुरेसे होतात. जमिनीलगतचा जाड, जून भाग बेण्यासाठी मुळीच वापरू नये, कारण मादी अंडी घालते ती तेथेच. ज्या वाफ्यात मागील हंगामात कीड होती, तेथील वेल शेजाऱ्यासही देऊ नये. तोडलेले तुकडे झटकून, त्यावर भुंगे नाहीत याची खात्री करून दोन दिवस सावलीत ठेवावेत व मग लावावेत.

२. जागा. ज्या जागी रताळी निघाली, त्या जागी लगेच पुन्हा रताळी लावू नयेत. निदान एक वर्ष तेथे कडधान्य, भाजीपाला किंवा तृणधान्य घ्यावे. भुंगा सहसा फार दूर उडत नाही. मादी तर बहुतकरून चालतच जाते. म्हणून परसाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकास जागा बदलली तरी काही उपयोग होतो, परंतु जुन्या जागेवरील वेल व कंद पूर्णपणे वेचून काढले असतील तरच. जुना वाफा तसाच ठेवून शेजारी नवा वाफा करणे व्यर्थ आहे.

३. मातीची भर. हा सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे. लागणीनंतर सुमारे एक महिन्याने खुरपणी करून वरंब्यास पहिली भर द्यावी, व दोन महिन्यांनी दुसरी. दुसऱ्या भरीच्या सुमारास कंद पोसू लागलेले असतात, म्हणून ती चुकवू नये. त्यानंतर काढणीपर्यंत दर आठवड्यास वरंब्यावरून एक फेरी मारावी, आणि जेथे तडा दिसेल तेथे खुरप्याने किंवा हाताने भुसभुशीत माती ओढून तो बुजवावा. अर्ध्या गुंठ्याच्या वाफ्यात या कामास अर्धा तासही लागत नाही. घरातील मुलेसुद्धा हे काम आवडीने करतात. वेल बाजूला करताना ते तुटणार नाहीत एवढी काळजी घ्यावी.

४. पाणी व आच्छादन. कंद पोसण्याच्या काळात पाणी थोडे पण नियमित द्यावे. जमीन आधी वाळवून भेगाळू द्यावयाची आणि मग एकदम भरपूर पाणी द्यावयाचे, ही रीत या पिकास अपायकारक आहे. वरंब्यावर वाळलेले गवत, भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा पसरल्यास ओल टिकते व भेगा कमी पडतात. काढणीपूर्वी पाणी तोडतात तेही थोडेच दिवस तोडावे. काळ्या जमिनीत पाणी तोडून आठवडेच्या आठवडे वाट पाहत बसल्यास शेवटच्या दिवसांतच सर्वाधिक कीड लागते.

५. रताळ्याच्या फोडींचे आमिष. भुंगे रताळ्याच्या वासाकडे ओढले जातात. त्याचा उपयोग करून घ्यावा. लागणीनंतर ५० व्या दिवसापासून ८० व्या दिवसापर्यंत, दर दहा दिवसांनी, सुमारे १०० ग्रॅम वजनाच्या कापलेल्या रताळ्याच्या फोडी वरंब्यावर पाच-पाच मीटर अंतराने संध्याकाळी ठेवाव्यात. सकाळी उन्हापूर्वी फोडी उचलून त्यांवरील व त्यांखालील भुंगे साबणाच्या पाण्यात झटकावेत. फोडी शेतात तशाच पडू देऊ नयेत. त्या राहिल्यास त्यांतच अंडी घातली जाऊन आमिषच किडीचे माहेरघर बनते.

६. गंध सापळे. या भुंग्याच्या मादीचा जो गंध नराला आकर्षित करतो, त्याचे रासायनिक स्वरूप १९८६ साली निश्चित झाले. तेव्हापासून तो कृत्रिम रीतीने तयार करता येतो, व त्याच्या रबरी गोळ्या मिळतात. गुंठ्यास एक सापळा पुरतो. प्लॅस्टिकच्या जुन्या डब्याच्या बाजूंना खिडक्या पाडून तळाशी साबणाचे पाणी ठेवावे, झाकणाच्या आतल्या बाजूस गोळी टांगावी व डबा वेलाच्या उंचीच्या थोडा वर काठीला बांधावा. गोळी वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीनंतर बदलावी. सापळ्यात केवळ नर सापडतात. माद्या शेतातच राहतात. म्हणून सापळ्यात भुंगे पडू लागले म्हणजे काम झाले असे न समजता, कीड हजर असल्याची ती सूचना समजावी आणि भर व फोडींचे काम अधिक काळजीने करावे. जपानमधील कुमे नावाच्या बेटावर नरांचा नाश व प्रयोगशाळेत वांझ केलेल्या भुंग्यांची सोडणी हे दोन्ही उपाय अनेक वर्षे चालवून २०१३ साली ही कीड समूळ नाहीशी झाल्याचे जाहीर करण्यात आले. समुद्राने वेढलेल्या लहान बेटावर हे साधले, तरी त्यालाही किती चिकाटी लागली हे यावरून कळते.

७. वेळेवर काढणी. जातीप्रमाणे रताळी ९० ते १२० दिवसांत तयार होतात. पाने पिवळी पडू लागली, म्हणजे एक रताळे खणून आडवे कापावे. कापलेल्या जागी आलेला चीक पांढराच राहून वाळला, तर रताळे पक्व झाले. तो हिरवट-काळसर पडला, तर आणखी थोडे दिवस थांबावे. पक्व झालेली सर्व रताळी एकदम काढावीत. "जमिनीतच आहेत, लागतील तेव्हा काढू" ही समजूत सोडून द्यावी. तयार झालेल्या रताळ्याला जमीन हे सुरक्षित कोठार नव्हे.

सणासाठी रताळी हवी असतील, तर ती जमिनीत राखून ठेवण्याऐवजी लागणीचा दिवसच सणावरून मागे मोजून ठरवावा. उदाहरणार्थ, महाशिवरात्र २० फेब्रुवारीच्या सुमारास येत असेल व जात ११० दिवसांची असेल, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत लागण करावी. सप्टेंबरमध्ये लागण करून जानेवारीत तयार झालेले पीक फेब्रुवारी अखेरपर्यंत जमिनीत ठेवण्यापेक्षा हे पुष्कळ श्रेयस्कर आहे. नवरात्रासाठी जूनच्या मध्यास व आषाढीसाठी उन्हाळ्याच्या आरंभी लावलेले पीक उपयोगी पडते. मात्र उन्हाळी पिकात भेगांकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते.

८. किडक्या मालाची विल्हेवाट. काढणी झाल्यावर शेतात एकही कंद, कंदाचा तुकडा किंवा जाड बुडखा राहता कामा नये. किडकी रताळी उकिरड्यावर फेकू नयेत, कारण तेथेही भुंगा कंदातून बाहेर पडतो व चालत पुन्हा वाफ्यात येतो. असा माल वाळवून जाळावा किंवा काही दिवस पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावा, आणि अळ्या मेल्याची खात्री झाल्यावरच खताच्या खड्ड्यात टाकावा.

याबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. किडकी व बुरशी आलेली रताळी जनावरांना घालण्याची रीत धोक्याची आहे. अशा रताळ्यांत तयार होणाऱ्या विषारी द्रव्यामुळे गाई-म्हशींच्या फुप्फुसांना सूज येते, त्यांना धाप लागते व जनावर दगावूही शकते. उकळल्याने अळ्या मरतात, परंतु हे विष जाईलच असे नाही. म्हणून सडका, काळा पडलेला माल शिजवूनही गोठ्यात नेऊ नये. निरोगी वेलाचा पाला मात्र जनावरांस चांगला चारा होतो.

९. साठवण. काढलेली रताळी न धुता, केवळ माती झटकून निवडावीत. भोके पडलेली, कापलेली व खरचटलेली वेगळी काढावीत. चांगली रताळी पाच-सात दिवस सावलीत, उबदार जागी, गोणपाटाने झाकून ठेवावीत. त्यामुळे बारीक जखमा भरून येतात व साल घट्ट होते. नंतर ती हवेशीर व कोरड्या खोलीत, कोरड्या वाळूच्या थरांत ठेवावीत. घरातही भुंग्याची वाढ चालूच राहते, म्हणून एक किडके रताळे साऱ्या राशीस पुरे होते. दर आठवड्यास रास चाळून संशयास्पद कंद काढून टाकावेत. शीतपेटीत कच्ची रताळी ठेवू नयेत. फार थंडीने ती आतून बिघडतात.

कीटकनाशकांसंबंधी

घरच्या लहान वाफ्यात कीटकनाशक फवारण्याचे कारण नाही. अळी कंदात असते व भुंगा दिवसा दडलेला असतो. त्यामुळे फवाऱ्याचा बराच भाग वाया जातो आणि विषाचा अंश मात्र घराजवळच्या मातीत, विहिरीजवळ व कोंबड्यांच्या वावरण्याच्या जागी उतरतो. जुन्या पुस्तकांत व हस्तपत्रकांत या किडीसाठी सुचविलेली कित्येक औषधे आता कायद्याने बंद आहेत. बी.एच.सी. वर १९९७ साली बंदी आली. बेणे बुडविण्यासाठी सांगितले जाणारे फेन्थिऑन २०१८ च्या आदेशाने बंद झाले, व त्याच आदेशान्वये फोरेटचा वापर २०२० च्या अखेरीपासून थांबला. घरात जुना डबा शिल्लक असला तरी तो वापरू नये. मोठ्या क्षेत्रावर बाजारासाठी लागवड करणाऱ्यांना बेणे प्रक्रिया करावयाची असल्यास त्यांनी आपल्या विभागाच्या कृषि विद्यापीठाची चालू शिफारस विचारून, आणि डब्यावरील लेबलावर रताळ्याचे नाव आहे हे पाहूनच औषध घ्यावे.

इतर किडी

पानांना गोल भोके पाडणारे चकचकीत कासवभुंगे आणि शेपटीवर शिंग असलेली मोठी हिरवी अळी या पिकावर नेहमी दिसतात. त्या नजरेत भरतात, म्हणून शेतकरी त्यांनाच भितो. वास्तविक वेलाची वाढ जोमदार असल्यास थोडी पाने गेल्याने कंदांचे विशेष नुकसान होत नाही. या किडी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मावा व पांढरी माशी यांच्यामार्फत विषाणुरोग पसरतात. त्यासाठी पानांवर ठिपके, वलये किंवा चुरडा नसलेल्या वेलाचेच बेणे घ्यावे. हुमणी टाळण्यासाठी कच्चे शेणखत न घालता पूर्ण कुजलेले घालावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

सोंड्या भुंगा एका घराचा राहत नाही. एकाने वाफा स्वच्छ ठेवला व शेजारच्या परसात जुने वेल वर्षभर पसरलेले असले, तर पहिल्याचे श्रम फुकट जातात. म्हणून हा विषय एकेका शेतकऱ्यास न सांगता आळीतील किंवा वाडीतील सर्व कुटुंबांना एकत्र बसवून मांडावा. परसातील पीक बहुधा घरातील स्त्रिया सांभाळतात व रताळी केव्हा खणावयाची हेही त्याच ठरवितात. तेव्हा त्यांना बैठकीस आवर्जून बोलवावे. बैठकीत एक किडके रताळे कापून अळी, कोष व भुंगा प्रत्यक्ष दाखवावा. ज्याने भुंगा एकदा हातात घेऊन पाहिला, तो पुढे त्यास मुंगी समजत नाही.

प्रात्यक्षिक करावयाचे असल्यास एक साधी रीत आहे. एकाच वाफ्यातील निम्मे वरंबे पक्वतेच्या दिवशी काढावेत व उरलेले, एरवी जसे ठेवले जातात तसे, तीन आठवड्यांनी काढावेत. दोन्ही वेळी शंभर-शंभर कंद मोजून त्यांतील किडके वेगळे करावेत व दोन्ही ढीग लोकांसमोर मांडावेत. उशिरा काढलेला किडका माल त्याच दिवशी नष्ट करावा. भाषणापेक्षा हे दोन ढीग अधिक बोलतात.

कामांचे वेळापत्रक

लागणीपूर्वी : नवी जागा निवडावी. जुन्या जागेतील वेल व कंद वेचावेत. शेंड्याकडील निरोगी बेणे घ्यावे.

३० वा दिवस : खुरपणी व पहिली भर. गंध सापळा लावावा.

५० ते ८० दिवस : दर दहा दिवसांनी फोडींचे आमिष.

६० वा दिवस : दुसरी भर. आच्छादन पसरावे. यापुढे दर आठवड्यास भेगा बुजवाव्यात व पाणी नियमित द्यावे.

९० ते १२० दिवस : चिकाची परीक्षा. पक्व होताच सर्व काढणी एकदम.

काढणीनंतर : निवड, किडक्या मालाचा नाश, चांगल्या मालाची वाळूत साठवण.

यात सांगितलेल्या बहुतेक कामांना खुरपे, टोपली व थोडी नियमितता एवढेच लागते. वरंबा मिटलेला ठेवावा, बेणे शेंड्याचे घ्यावे आणि पीक तयार होताच काढून घ्यावे. या तीन गोष्टी वाडीतील सर्व घरांनी दोन-तीन हंगाम एकोप्याने पाळल्यास सणाच्या दिवशी विळीवर चिरलेले रताळे आतूनही वरच्यासारखेच निर्मळ निघेल.